सतरा वर्षांचा शिकाऊ

इबादान शहरातल्या आमच्या गॅरेज-गल्लीत वस्तादानं चारचौघांत डोक्यावर हात ठेवून "जा, तू मोकळा" म्हटल्याशिवाय शिकाऊ माणसाला स्वतःचं दुकान टाकता येत नाही. साधारण चार वर्षांत हे उरकतं. लादिपोला सतरा झाली. त्याचे केस विरळ झाले, तीन पोरी झाल्या, तरी तो शिकाऊच.

कारण सरळ होतं. लादिपोसारखा कसबी हात गल्लीत दुसरा नव्हता, आणि त्याला सोडायला त्याचा वस्ताद ओगुंडिरान काही खुळा नव्हता. मी समोरच तेल विकतो, सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

दरवर्षी लादिपो मातीत पालथा पडून मोकळीक मागायचा. वस्ताद विचारायचा, "सांग, पेजो पाचशे चार गाडी भारी की बेन्झ दोनशे?"

"पेजो, बाबा. बेन्झची ताकद एकाच घोड्यानं जास्त, पण वजन दीडशे किलोनं जास्त. चढाला पेजोच."

"आणि वर्षानुवर्षं न कुरकुरता कोण पळतं? बेन्झ! कच्चा आहेस अजून."

पुढच्या वर्षी त्यानं बेन्झ म्हटलं, तर वस्तादानं रस्त्यावरच्या खड्ड्यांचा आणि पेजोच्या मऊ स्प्रिंगांचा विषय काढला.

"अरे, तिसरीच गाडी सांग की!" मी म्हटलं. लादिपो हसलासुद्धा नाही. सोडून का जात नाही म्हणून मला त्याचा राग यायचा, पण तो जाणार कुठं? मोकळा न झालेल्याच्या हाती इथं कुणी गाडी देत नाही, आणि मेकॅनिकांची संघटना दुकानाला कुलूप ठोकते.

मग वस्तादाला विसर पडू लागला. आधी पान्ह्यांची नावं गेली, मग माणसांची. आता लादिपोला मोकळं कोण करणार म्हणून संघटनेचे म्हातारे घाबरले आणि एका सकाळी साक्षीला जमले. त्यांना वस्तादाचा नुसता हात लादिपोच्या डोक्यावर हवा होता, बाकी ते बघून घेणार होते. लादिपो खुर्चीपुढे पालथा पडला.

"कोण रे तू?"

"लादिपो, बाबा. शिकाऊ आहे. मोकळा करा मला."

"किती वर्षं झाली?"

"सतरा."

वस्ताद भडकला. "सतरा? कोण हलकट वस्ताद आहे तुझा?"

शेवटी मीच ओरडलो, "बाबा, हात ठेवा हो नुसता!"

वस्तादानं दोन्ही हात मांड्यांखाली दडपले.

"दुसऱ्याचा माणूस मी कसा मोकळा करू?" तो मायेनं म्हणाला. "तुझ्या वस्तादाकडेच जा, पोरा. लाज असेल त्याला, तर नाही म्हणणार नाही."