पांढरा झगा

परवा सकाळी आईला शेवटची नेसवायची साडी काढायला तिचं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि साड्यांखाली माझा लहानपणीचा, चर्चच्या क्वायरमध्ये गाताना घालायचा पांढरा झगा दिसला. मला काहीच वाटलं नाही. फक्त तो रविवार आठवला.

मी दहा वर्षांची होते. मोहन्याहून दोन बस बदलून आई मला ठाण्याच्या मोठ्या चर्चमध्ये घेऊन आलेली. वरच्या गॅलरीत उकडत होतं, झग्याची कॉलर मानेला टोचत होती. ऑर्गन वाजवणारे सर वाकून म्हणाले, "हे बघ बाळा, नवीन पोरांनी पहिले तीन महिने फक्त ओठ हलवायचे. आवाज काढायचा नाही, काय?" मी मान डोलावली आणि मिस्साची अख्खी प्रार्थना संपेपर्यंत नुसते ओठ हलवले.

बाहेर आल्यावर आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "एवढी जणं गात होती, पण तुझा आवाज मला बरोबर कळला गं!"

खरं काय ते अगदी ओठांवर आलेलं. किती भोळी आहे ही, असं वाटलेलं तेव्हा. पुढेही कधी सांगितलं नाही.

परवा दुपारी त्याच चर्चमध्ये, क्वायरच्या त्याच ओळीत उभी राहिले. खाली तिची शवपेटी होती. ऑर्गन सुरू झाला, पण मला आवाज फुटेना, रडूही येईना. शेवटपर्यंत मी नुसते ओठ हलवत राहिले.

तिला मात्र ऐकू आलं असतं.