केबल कारमध्ये बोललेलं

टूर बसच्या पिकअपची वेळ साडेसातची होती आणि आम्ही पावणेसातला हॉटेलच्या लॉबीत हजर. लंडनच्या स्टॅनमोरमध्ये पंचवीस वर्षं काढली तरी गाडी सुटेल ही धास्ती काही सुटत नाही. नवरा पासपोर्टच्या झेरॉक्स, पाण्याच्या बाटल्या आणि नाश्त्यातून उचललेली दोन केळी घेऊन सोफ्यावर सावध बसला होता. मी त्याच्या शेजारी डोळे मिटून. आम्ही व्हिएतनामला विश्रांतीसाठी गेलो होतो. चौथा दिवस होता, आणि अजून एकही रात्र मला सलग झोप लागली नव्हती. मध्येच जाग यायची, पाय आपोआप जमिनीला टेकायचे, आणि मग लक्षात यायचं की इथे कोणी हाक मारलेली नाही.

हाक सासूबाईंची. सासरे गेले तेव्हा, वीसेक वर्षांपूर्वी, त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. पहिली पंधरा वर्षं खरं तर त्यांनीच आम्हाला सांभाळलं. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. घरी आलं की गरम पोळी आणि चार खमंग टोमणे तयार. मग पार्किन्सन्स आला. डोकं शाबूत, हातपाय नाहीत. रात्री कूस बदलायलाही माणूस लागतं, आणि ते माणूस मी. नवऱ्याची झोप गाढ आहे. त्यात त्याची काय चूक, असं मी पाच वर्षं स्वतःला समजावत आले. या वसंतात ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी चक्क घोरले, तेव्हा आमच्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, दम भरला. सासूबाईंना दोन आठवडे रेस्पाइटला ठेवा, म्हणजे घरच्यांना उसंत मिळावी म्हणून थोडे दिवस केअर होममध्ये, आणि तुम्ही दूर कुठेतरी जा. कार्डिफला डॉक्टरकी करणाऱ्या लेकीने तिकिटं काढूनच टाकली.

आम्ही इकडे येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच केअर होमच्या मॅनेजरबाईंची ईमेल आली. एक खोली कायमची रिकामी झाली आहे. बागेच्या बाजूची, जेवण शाकाहारी, घरापासून दहा मिनिटांवर. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा, नाहीतर यादीतल्या पुढच्यांना देऊ. तो शुक्रवार म्हणजे या डोंगरावरच्या ट्रिपचा दिवस. नवऱ्याने 'हो' लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. आईला काय सांगायचं, यावर त्याचं उत्तर तयार होतं: हळूहळू सांगू. आधी म्हणू, डॉक्टर म्हणतात अजून थोडे दिवस राहा. मग म्हणू, घरी बाथरूमचं काम काढलंय.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना वाईट बातमी अशीच हप्त्याहप्त्याने देतात. सासूबाईंची धाकटी बहीण पुण्यात गेली, तेव्हा आम्ही आधी म्हटलं की बरं नाहीये, चार दिवसांनी म्हटलं हॉस्पिटलात नेलंय, मग सीरियस आहे. शेवटी सगळा धीर एकवटून खरं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "तेरावं झालं का?"

बस आली. चाळिशीचा, घोगऱ्या आवाजाचा गाइड एका काठीला पिवळा रुमाल बांधून उभा होता. सगळ्यांना तो 'फॅमिली' म्हणत होता आणि नावांच्या फंदात न पडता देशांवरून हाका मारत होता. आम्ही 'लंडन'. आमच्यामागे 'ऑस्ट्रेलिया': चाळिशीपुढचा एक भारतीय दिसणारा माणूस, त्याची बायको, दोन मोठ्या मुली आणि एक म्हातारी. म्हातारीने ट्रॅक पँट, टोपी, गॉगल आणि नाकावर मास्क असा सगळा बंदोबस्त केलेला होता. घरातली बाकी सगळी तिच्याशी तोंड वेंगाडून ऑस्ट्रेलियन इंग्रजीत बोलत होती आणि ती नुसती मान हलवत होती.

"फिजीचे असतील, तिकडून ऑस्ट्रेलियात गेलेले भारतीय," नवरा म्हणाला.

"असतील. पण म्हातारीला कशाला फरफटत आणलंय एवढ्या उन्हात?" मी म्हटलं. "बेबीसिटिंगला असणार, दुसरं काय."

हे सगळं अर्थात मराठीत आणि चांगलं मोठ्याने. ही खोड आम्हाला स्टॅनमोरने लावली. तिथे गुजरातीत काही खासगी बोलायची सोय नाही, हिंदीत तर नाहीच. अख्खा रस्ता कान देऊन ऐकतो. मराठीचं तसं नाही. ट्यूब ट्रेनमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत, जीपीच्या वेटिंग रूममध्ये आम्ही जगाची बिनदिक्कत उणीदुणी काढत आलो. दार लावून बोलावं तसं वाटायचं.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तर तिथे जत्रा भरली होती. वर काय काय आहे ते गाइडने सांगितलं: दगडी हातांनी उचलून धरलेला पूल, फुलांचे ताटवे, आणि एक फ्रेंच खेडं. मला हसू फुटलं. स्टॅनमोरहून सकाळी निघालं तर जेवायला खऱ्या फ्रान्समध्ये पोचता येतं. आम्ही बारा-तेरा तास विमानात पाय आखडून खोटं फ्रान्स बघायला आलो होतो. पण हसायलाही त्राण लागतं, ते मधेच संपलं.

केबल कारचे डबे थांबत नाहीत, सरकत्या डब्यात चढावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या पोरी पुढे धावल्या, त्यांच्यामागे आईबाप, आणि तेवढ्यात तो डबा भरला. गाइडने म्हातारीला हाताला धरून मागच्या डब्यात, आमच्यासोबत बसवलं. दोन कोरियन मुलीही आमच्याबरोबर चढल्या आणि लगेच फोन काढून काचेला चिकटल्या. दार लागलं. खाली जंगल, मध्ये एक धबधबा, मग धुकं. वीस मिनिटांचा प्रवास.

त्या वीस मिनिटांत नवऱ्याने फोन पुढे केला. "पाठवू का? वर रेंज नसली तर पंचाईत. तिकडे आत्ता पहाट आहे, सकाळी ऑफिस उघडलं की त्यांना फर्स्ट थिंग मिळेल."

"पाठव."

"तसं नको, तू नीट सांग. नंतर मला बोलायचं नाही, की आईला टाकलं म्हणून."

मग मी नीट सांगितलं. पाच वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "मला आता आई घरी नको आहेत. वाईट आहे मी, माहीत आहे मला. पण रात्री त्यांची हाक आली की पहिल्यांदा मला राग येतो, आणि मग मी उठते. निघायच्या आदल्या रात्री त्यांना वळवताना मी मुद्दाम जोरात वळवलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना कळलं पण. हे असं अजून चार-सहा वर्षं चाललं तर मी काय करून बसेन मला माहीत नाही."

नवरा म्हणाला, "मग सोपंय. हो म्हणू. आईला बाथरूमचं सांगू."

"सांग तूच. खोटं बोलायलाही मीच का?"

वरचं स्टेशन धुक्यातून दिसायला लागलं. डबा हिंदकळला. समोरच्या म्हातारीने मास्क खाली ओढला, पर्समधून एक चपटी डबी काढली, झाकण उघडून माझ्यापुढे धरली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आलेपाक घ्या. घाटात बरं असतं, मळमळत नाही."

धरणीने पोटात घ्यावं म्हणावं तर धरणी कुठल्या कुठे खाली राहिली होती. मी एक वडी घेतली. दुसरं काय करणार? नवऱ्यानेही घेतली आणि "थँक यू" म्हणाला, इंग्रजीत. दार उघडलं आणि तो असा काही उतरला की मी आणि त्या बाई मागे राहिलो. त्यांना हात देणं भाग होतं.

पुढचे तीन-चार तास मी त्यांना चुकवत फिरले. पूल पाहिला. दगडी हात प्रचंड होते आणि त्यांच्या बोटांवर मुद्दाम शेवाळ आणलेलं होतं. पुलावर इतकी माणसं की आपल्याला पूल दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. बुफेत भात, नूडल्स, पिझ्झा आणि कुठल्यातरी देशाची आमटी. नवऱ्याने ईमेल पाठवली नव्हती. का नाही, ते मी विचारलं नाही.

जेवणानंतर गाइडने तासभर मोकळं सोडलं. नवरा कॉफीच्या रांगेत लागला आणि मी खोट्या चर्चसमोर एक रिकामा बाक पाहून टेकले. पाय ठणकत होते. दोन मिनिटांत त्या बाई आल्या आणि न विचारता शेजारी बसल्या.

"आमची मंडळी त्या घसरगाडीत बसायला गेलीत," त्या म्हणाल्या. "आणि मला बेबीसिटिंगला नाही हो आणलं. पोरी केवढ्या घोड्या झाल्यात."

मी म्हटलं, "मला माफ करा. फार लाज वाटतेय."

"कशाची? फिजीची?" त्या हसल्या. "आम्ही दादरचे. मुलाला मराठी येतं, त्याच्या बायकोला नाही, म्हणून घरात सगळं इंग्रजी."

त्या आपल्या गुडघ्यावर हळूहळू हात फिरवत होत्या.

"तुम्ही मघाशी जे बोललात ना," त्या म्हणाल्या, "ते ऐकून मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? तुमच्या सासूबाईंच्या जागी मी मलाच बसवून पाहिलं. पण दुसरंही एक सांगते. आमच्या घरी माझं असंच चाललंय. मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट, नाहीतर रिटायरमेंट व्हिलेज म्हणजे म्हाताऱ्यांची वसाहत, वेटिंग लिस्ट. जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. त्यांना वाटतं भराभर बोललं की म्हातारीला कळत नाही. अहो, मी तीस वर्षं बँकेत होते. मला सगळं कळतं. मी आमटी वाढत असते."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"त्यांनी विचारलेलंच नाही, तर मी उत्तर काय देऊ?" त्या म्हणाल्या. मग लांबून त्यांची नात हाका मारायला लागली, "आजी! कम ऑन!", तशा त्या बाकाला धरून उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "रात्रीचं उठणं फार वाईट असतं. मी माझ्या सासूचं केलंय."

मला रडू आलं. मी पुष्कळ रडले, आणि शेजारून जाणाऱ्या लग्नाच्या फोटोवाल्यांनी मला वळसा घातला. नवरा कॉफी घेऊन आला तेव्हा मी डोळे पुसून फोन हातात घेतला होता.

"आईंना फोन लावते."

"आत्ता? इथून?" तो घाबरला. "अगं, तिला असं डायरेक्ट नको सांगू. बीपी वाढेल. घरी गेल्यावर बसून बोलू ना."

"घरी गेल्यावर विचारण्यासारखं काही उरलेलं नसेल."

तिकडे सकाळचे आठ वाजून गेले होते. फोन कुणा केअररने उचलला आणि खोलीत नेऊन दिला. मागे टीव्ही चालू होता.

"काय गं, थंडी आहे का तिकडे?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता. "जेवलात का?"

मी म्हटलं जेवलो. आणि मग मला कुठलीही प्रस्तावना सुचली नाही. "आई, तुम्ही आहात तिथेच एक खोली कायमची मिळतेय. आज दुपारपर्यंत सांगायचंय. आम्ही तुम्हाला न विचारताच हो म्हणणार होतो."

नवरा माझ्यासमोर दोन्ही हातांत दोन कप धरून उभा होता.

"म्हणजे मी घरी यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला घरी यायचंय."

इतकं सरळ उत्तर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मनातल्या मनात मी धरून चालले होते की त्या म्हणतील, माझी काळजी करू नका, मी इथे मजेत आहे. असं त्या म्हणाल्या असत्या तर मी किती आनंदाने विश्वास ठेवला असता! मी बाकाचा दांडा घट्ट धरला.

"आई, मला नाही जमत हो आता," मी म्हटलं. वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्यापुढे कधी उच्चारलं नव्हतं. "रात्रीचं उठणं नाही जमत. मी तुमच्यावर चिडते. तुम्हाला कळतं ते."

"कळतं," त्या म्हणाल्या.

टीव्हीवरचा इंग्रज माणूस हवामान सांगत होता. मी ऐकत राहिले.

"जमत नाही तर नाही जमत," शेवटी त्या म्हणाल्या. "हे आधी सांगायचंस. तुम्ही दोन आठवडे म्हणालात म्हणून मी बॅग उघडूच दिली नाही. इथली बाई रोज येते, म्हणते, कपडे कपाटात लावून देऊ का. मी म्हणते, नको, मला जायचंय." त्यांनी दम घेतला. "आता आली की लाव म्हणते."