आमच्या नाटकातली सावत्र बहीण

"सावत्र बहीन मी व्हसू. शिव्या खावाले बी कोनी तरी लागसच ना, सर."

वाचनालयाच्या दारात उभी राहून ती मराठीच्या सरांना सांगत होती. मी आत वह्या तपासत होते. ती आमच्या शाळेच्या बसमधली ताई. मुलांना चढवायची, उतरवायची, उलटी होणाऱ्यांना खिडकीशी बसवायची. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण स्नेहसंमेलनातलं आम्हा मोठ्यांचं नाटक गावासाठी असायचं. सरांनी एक परदेशी परीकथा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आणली होती. राजपुत्राऐवजी घोडेवाल्याचा मुलगा, बुटाऐवजी पायातली तोरडी. छळ सोसणारी नायिका मी. "मॅडम कमी बोलतात, शोभेल," असं सरांचं मत.

तालमीत मी झाडून घेतलं की ती केळं सोलायची आणि साल नेमकी झाडलेल्या जागी टाकायची. सरांनी हे लिहिलं नव्हतं. साल टाकून ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागायचं. तालीम संपली की साल स्वतः उचलायची, दुसरं केळं माझ्या हातात ठेवायची. "खाय वं बहीन. रडाले ताकद लागस."

हे सगळं सुचतं कुठून, असं मी एकदा विचारलं.

"मी सावत्रच शे, मॅडम. धाकलीले मीच वाढाडी. गल्लीन्या बाया वाट दखेत, हाई तिले कव्हय मारस. मारं नही. पन त्यासनी काय काय इचार करा व्हई, ते समदं माले पाठ शे."

ती हसली. मला जमलं नाही.

मी नंदुरबारात वाढले. अहिराणी बोललं की घरी टोकायचे, मराठी बोललं की इंग्रजी शाळेत. गप्प राहणं सोयीचं होतं.

ताईच्या नवऱ्याला सुरतेत काम मिळालं आणि ती गेली. बसला आता दुसरी ताई आहे, मुलं नीट उतरतात. यंदाच्या नाटकाची यादी मात्र लागलीय, आणि सावत्र बहिणीपुढची जागा कोरी आहे. तुम्ही तिला त्या प्रयोगात पाहिलं असतं, तर कोरी का ते विचारलं नसतं.

त्या प्रयोगाचा शेवटचा प्रवेश. घोडेवाल्याचा मुलगा झालेले पीटीचे सर सापडलेली तोरडी घेऊन आले. 'ती माझी आहे', एवढंच मला म्हणायचं होतं. समोर गाव बसलेलं. आवाज निघेना.

"बोल ना वं," ताई माझ्या अंगावर आली. "'तोरडी मन्ही शे' अशे म्हनाले जीभ नही का तुले?"

टोमण्यातून तिने मला वाक्य दिलं होतं. गावाला ते कळलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "काय भवानी शे वं हाई." मी तोरडीकडेच बघत राहिले.

मग ताईने तोरडी सरांच्या हातातून हिसकावली आणि स्वतःच्या पायात घातली. तोरडी तिचीच, घरून आणलेली. बरोब्बर बसली. सर भांबावून माझ्याकडे बघू लागले. आता गोष्ट तिच्या नावावर संपणार होती.

"बसनी. आते मीच जासू घोडावर बसीसन."

तिचं तोंड गावाकडे होतं. पाठीमागचा हात मात्र माझी ओढणी ओढत होता, एकदा, दोनदा.

"मन्ही शे ती," मी म्हणाले. "काढ."