सतरा इंची चाकं आणि मुग्धाची पाठ

मंडळी, आज गाडीला नवीन अलॉय व्हील्स आणि सस्पेन्शन बसवायला वाकडच्या एका दुकानात गेलो होतो. सोबत बायको, मुग्धा.

आमची गाडी दिसायला स्पोर्टी, पण वळणावर डुलते. रोज हिंजवडीला ऑफिसला तीच नेतो. मला सतरा इंची चाकं हवी होती आणि गाडीची उंची कमी करणाऱ्या कडक स्प्रिंगा.

दुकानदाराने असंच काम केलेली स्वतःची गाडी चालवून बघायला दिली. वळणावर ती रस्त्याला अगदी चिकटून होती. मी खूश! मग स्पीडब्रेकर आला आणि शेजारी मुग्धाने डोळे गच्च मिटले. तिला मणक्याचा त्रास आहे. कित्येक महिन्यांत तिने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"छान आहे. घे बसवून. मी रिक्षाने जात जाईन."

ती चिडलेली नव्हती, तेच मला लागलं. आमच्या गाडीतून तिने स्वतःला आधीच वजा केलं होतं.

शेवटी उंची तशीच ठेवली. चांगले शॉकअब्सॉर्बर घेतले, चाकं सोळा इंची, टायर जाड, म्हणजे खड्ड्यांचे धक्के कमी बसतील. संध्याकाळी गाडी तयार झाली, तर मुग्धाने हात पुढे केला. "चावी दे."

प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"अरे, समोर बघ. चालवतेय मी," ती म्हणाली आणि बाणेरचं वळण तिने माझ्यापेक्षा जोरात घेतलं. हसत.

तुमच्या गाडीत बसणं घरातल्या कोणी गुपचूप सोडून दिलंय का हो? एकदा विचारून बघा.