वहीत पाहून औषध देणारे डाक्टर

मारेगावच्या सरकारी दवाखान्यातले ते डाक्टर बदलून गेले, पण मले अजून आठवतात. नशा सोडवायचं शिक्षण घेऊन आलते, आन् शिकलेलं सगळं एका वहीत लिहून आणलं होतं. पेशंटसमोरच ती वही उघडून, ओळीवर बोट ठेवून वाचत. त्यायले त्याची लाज वाटत नसे.

कमरेच्या दुखण्यापायी मले अफूच्या जातीच्या गोळ्यायची सवय लागली होती.

"वहीत पाहून इलाज करता काय?" मी म्हटलं.

"हो काका. मी चुकलो तर तरास तुम्हाले होईल," ते हसले. "शेवटची गोळी कधी घेतली?"

"काल सकाळी."

त्यायनं माझे डोळे पाह्यले, मंग वही पाह्यली. "आजची गोळी अंगात असंल आन् मी हे नशा सोडवायचं औषध दिलं, तर तुम्ही तडफडाल. खरं सांगा, मी रागावणार नाही."

बायकोपुढंही मी कधी चूक कबूल केली नव्हती. पण मान खाली गेली. "आज सकाळीच घेतली."

"मंग आता गोळी न घेता उद्या या," म्हणून ते लिहीत राह्यले. माझी खाली गेलेली मान पाह्यलीच नाही, असं त्यायनं दाखवलं. तेवढ्यासाठी मी दुसऱ्या दिवशी गेलो.