चिमट्यातलं चॉकलेट

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी बेल्जियमला धाडलं होतं. तिथल्या एका जुन्या चॉकलेटच्या दुकानात शिरलो, तर काचेमागच्या बाईनं चिमट्यात एक चॉकलेट धरलं आणि माझ्या हातावर वरून सोडायला निघाली. चव बघा म्हणे. माझं डोकंच फिरलं.

आमच्या गावच्या, मानवतच्या मिठाईवाल्यानं जन्मभर हेच केलं होतं. माझे वडील शाळेत मास्तर, पण आम्ही बौद्ध. म्हणून पेढा त्यांच्या ओंजळीत वीतभर उंचीवरून पडायचा. बाकीच्यांना तो बाकावर बसवायचा, पाणी विचारायचा. आम्ही पायरीखाली. वडील निमूट घ्यायचे, आणि मला मिठाईवाल्याइतकाच त्यांचाही राग यायचा.

"हातानं द्या," मी बाईला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुनावलं. ती गोंधळली. शेजारचे गोरे लोकही चिमट्यातूनच घेत होते, हे मला दिसत होतं. दिसून काय उपयोग? मी हात पुढे केलाच नाही. शेवटी तिनं हातमोजा काढला आणि बोटांनी माझ्या तळव्यावर चॉकलेट ठेवलं. वर पातळ कडक कवच, आत भाजून वाटलेल्या सुक्या मेव्याचा मऊ गर. असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि तरी ते मला गोड लागलं नाही.

एक डबा घेतला, तो मुद्दाम त्या मिठाईवाल्यासाठी. ट्रेनिंग संपवून गावी आलो, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन दुकानावर गेलो. वीतभर उंचीवरूनच टाकणार होतो.

"फॉरेनचं का मास्तर? बघू की!" फरसाण चावत चावतच त्यानं हात पसरला.

मी चॉकलेट उचललं. वडिलांनी ते माझ्या बोटांतून काढून घेतलं, त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि आपल्या हातानं त्याची मूठ मिटली.

त्याचं चावणं थांबलं. "आज उपास हाय मास्तर. उद्या खातो की."

"आत्ताच खावा. आमी थांबतो," वडील म्हणाले, आणि पायरी चढून त्या बाकावर बसले. जन्मात पहिल्यांदा.

तो एकदा रस्त्याकडं बघे, एकदा मुठीकडं. चॉकलेट वितळून त्याच्या बोटांमधून ओघळायला लागलं होतं.

"तवर पाणी द्या," वडील म्हणाले.