तळ्याच्या पोटातली जमीन

नील, मीरा, हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही. तुमच्या आईलाही नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी आजी म्हणून तुम्ही मला हसता. माझ्याकडे सगळं जागच्या जागी असतं — ही एक गोष्ट सोडून.

पोंभुर्ण्याकडची आपली तळ्याकाठची पट्टी आठवते ना? तिथे तुम्ही चिखलाचे किल्ले करायचात. ती आपली कशी झाली, हे कधी विचारलंत का? मी तरी कुठे विचारू दिलं?

माझे बाबा मालगुजार होते. गावाचा शेतसारा गोळा करायचा, सरकारचा वाटा सरकारला द्यायचा आणि मधे बसून गावावर हुकूम चालवायचा. स्वातंत्र्यानंतर कायदा आला नि मालगुजारी गेली. जंगल गेलं, तळं गेलं. स्वतः कसलेली जमीन तेवढी राहणार होती. चांगला कायदा होता तो. पण तेव्हा मी बारा वर्षांची, नागपूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलेली — आणि घरात कुणी गेल्यासारखे सगळे गप्प.

तळं आटू लागलं की त्या पट्टीवर उघड्या पडलेल्या गाळात सोनाबाई टरबुजं लावायची. ढिवराच्या घरची, नवरा त्याच तळ्यात मासे धरायचा. तिच्या आधी तिची सासू लावायची. नाताळात लागवड, उन्हाळ्यात फळं — माझ्या दोन्ही सुट्ट्या तिथेच जायच्या. बुटांना चिखल लागू नये म्हणून मी वर पाळीवर, तळ्याच्या बांधावर बसायची आणि ती खालून सांगायची. खड्डा केवढा, खत कुठलं, फळाखाली गवत कशाला. मला पोरी म्हणायची.

कोण कुठली जमीन कसतं, याच्या पाहणीला साहेब आले. बाबांनी ती पट्टीही आपणच कसतो म्हणून सांगितलं. सोनाबाई म्हणाली, माझी आहे. साहेबांना काही ठरवता येईना. तेव्हा तीच म्हणाली, "या पोरीले विचारा, साहेब. तिले सारं मालूम आहे."

मी सांगितलं. खड्डा, खत, गवत — तिनं शिकवलेलं सगळं, एकही चूक न करता. साहेब मान डोलवत राहिले. आणि मग मी म्हणाले, "दर वर्षी आम्हीच लावतो."

मला कुणी पढवलं होतं? नाही. बाबा तर खाली बघत होते.

साहेबांची जीप गेल्यावर सोनाबाई माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघत म्हणाली, "चिखलात पाय त घातला नाई कधी तुम्ही, बाई."

बाई. तुम्ही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पट्टीला कुंपण पडलं, ती मजुरीनं लोकांच्या धानात रोवण्याला जाऊ लागली. बाबांनंतर ती जमीन माझ्या नावावर आली. तेव्हाही मी गप्पच. तेव्हा मी लहान नव्हते — हे तर त्याहून वाईट, नाही का?

ती पट्टी आता तुमच्या वाट्याला येणार नाही. दिवाळीनंतर मी ती सोनाबाईच्या नातीच्या, वैशालीच्या नावे करून दिली. तुमची परवानगी मागितली नाही, आताही मागत नाही. तिनं विचारलं, आजी, आताच काऊन? मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बुढीनं सांगतलं होतं आमाले. साऱ्या गावाले मालूम आहे."

म्हणजे इतकी वर्षं मी जे लपवलं, ते फक्त आपल्याच घरापासून.

संक्रांतीनंतर वैशालीनं लागवडीला बोलावलं. कुंपणाचे खांब निघाले होते. गाळात तिच्या दोन मुली खड्डे घेत होत्या, एकमेकींना चिखल फासत होत्या. मी पाळीवर बसले. सवयच ती.

"तिथीच बसता का, आजी?" खालून वैशाली ओरडली. "हात धरा, गाळ घसरते."

मी चपला काढल्या. गाळ घोट्याच्या वर आला. गार होता. तिनं माझ्या हातात बिया दिल्या, आणि मी विचारलं, किती खोल?